गॅस फायरप्लेसचा व्हेंट (धुराचा पाइप) सरळ छतातून काढायचा आहे: भोक, टोपीची उंची, रिस्ट्रिक्टर

एडिसनकर
न्यू जर्सीतलं दुमजली लाकडी घर. खालच्या दिवाणखान्यात डायरेक्ट व्हेंट (ज्वलनाची हवा बाहेरून घेणारा) फायरप्लेस बसवतोय, नॅचरल गॅसवर. बाहेरच्या भिंतीला लागून झाकलेला पोर्च आहे, म्हणून व्हेंट आडवा काढता येत नाही. वरच्या बेडरूमच्या कपाटातून अ‍ॅटिकमध्ये आणि तिथून छताबाहेर असा मार्ग ठरवलाय. पाइप दुपदरी, आत ४ इंच, बाहेर ६ ५/८ इंच. एकूण उंची अंदाजे २० फूट, छताचा उतार ८/१२ (आडव्या १२ इंचांना ८ इंच चढ). काम परवानाधारक माणूसच करणार आहे, परमिटचा अर्जही दिलाय. पण भिंती बंद होण्याआधी काय काय तपासून घ्यावं? आणि एका कोटेशनमध्ये बी-व्हेंट लिहिलाय, तो बराच स्वस्त आहे. चालेल का?

कौलारू
बी-व्हेंट नाही चालणार. ज्वलनासाठी खोलीतलीच हवा वापरणाऱ्या उपकरणासाठी तो असतो. डायरेक्ट व्हेंटमध्ये आतल्या नळीतून धूर वर जातो आणि दोन नळ्यांमधल्या पोकळीतून बाहेरची हवा खाली येते. बी-व्हेंटच्या दोन पदरांमधली पोकळी हवा आत घेण्यासाठी नसतेच. ते कोटेशन बाजूला ठेवा.

आता मार्ग. फायरप्लेसच्या कॉलरच्या (पाइप जिथे जोडतात ते तोंड) मध्यावरून ओळंबा धरा आणि प्रत्येक मजल्याच्या सीलिंगवर खूण करा. वर जॉइस्ट (मजल्याची तुळई) किंवा ट्रस (छताचा लाकडी सांगाडा) आडवा आला तर त्याला करवत लावू नका, ४५ अंशाचे दोन एल्बो (वाकडे जोड) घालून पाइप बाजूला घ्या. ट्रसचा एक तुकडा कापला की अख्ख्या छताचा भार बिघडतो.

उभ्या पाइपाभोवती लाकडापासून सगळीकडे १ इंच मोकळी जागा लागते, म्हणजे भोक किमान ८ ५/८ इंच. फायरस्टॉपची (पाइपाभोवतीचं भोक बंद करणारा आगरोधक पत्रा) चौकट त्याहून मोठी मागत असेल तर मॅन्युअलचं माप पाळा. प्रत्येक मजल्याला फायरस्टॉप हवाच, नाहीतर आग लागल्यावर तेच भोक धुराडं होऊन ज्वाळा वर ओढतं. अ‍ॅटिकच्या तळाशी इन्सुलेशन शील्ड बसवा. फुंकलेलं इन्सुलेशन घसरत घसरत पाइपाला टेकतं आणि मोकळी जागा नाहीशी होते. थंडी येते म्हणून त्या फटीत ग्लासवूल कोंबणारे लोक आहेत, त्यांना हात लावू देऊ नका. वर्षानुवर्षं तापलेलं लाकूड कमी तापमानालाही पेट घेतं. कपाटातला पाइप उघडा ठेवायचा नाही, चारही बाजूंनी ड्रायवॉलची पेटी करा.

छताचं भोक उतारावर लांबट निघतं. ८/१२ ला ८ ५/८ इंचाचे साधारण १० ३/८ इंच होतात. फ्लॅशिंग (भोकाभोवती पाणी अडवणारा पत्रा) त्या उताराचंच घ्या. वरची आणि बाजूची कड शिंगल्सच्या खाली, खालची कड शिंगल्सच्या वर. खालच्या कडेला खिळे नकोत, गळती तिथूनच सुरू होते. वर स्टॉर्म कॉलर (पाइपाभोवतीची पाणी उडवणारी कडी) आणि त्याच्या कडेला सिलिकॉन.

टोपीची उंची: एनएफपीए ५४ (अमेरिकेतली गॅसची नियमावली) मध्ये लिस्टेड, म्हणजे चाचणी करून प्रमाणित, टोपीसाठी उतारानुसार तक्ता आहे. ६/१२ पर्यंत १ फूट, ७/१२ पर्यंत सव्वा फूट, ८/१२ पर्यंत दीड फूट, ९/१२ पर्यंत २ फूट. माप छतापासून धुराच्या सर्वांत खालच्या तोंडापर्यंत. उभी भिंत किंवा डॉर्मर (छतातून वर आलेली खिडकी) ८ फुटांच्या आत नको. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल जास्त मागत असेल तर तेच अंतिम.

निळीज्योत
कौलारूंनी बांधकाम सांगितलं. मला २० फूट सरळ उंचीची जास्त काळजी वाटते.

इतक्या उंचीला ओढ फार जोराची होते. ज्योत बर्नरवरून उचलली जाते, तोकडी आणि निळी राहते, कधी विझतेही. उष्णताही छतातून निघून जाते. म्हणून फायरबॉक्सच्या वरच्या भागात रिस्ट्रिक्टर, म्हणजे धुराची वाट अरुंद करून ओढ कमी करणारी पट्टी असते. मॅन्युअलमध्ये उभी आणि आडवी लांबी यांचा आलेख असतो, त्यावर तुमचा बिंदू कुठे पडतो ते बघून पट्टी लावायची. फायरप्लेस भिंतीत गेल्यावर हे काम जिकिरीचं होतं, म्हणून आधीच करून घ्या.

पट्टी गरजेपेक्षा जास्त बंद झाली तर उलटं होतं: ज्योत उंच, नारिंगी, सुस्त आणि काचेवर काजळी. पेटवल्या पेटवल्या निकाल लावू नका. १५-२० मिनिटं पाइप तापू द्या, मग रंग बघा. त्याआधी मॅनोमीटरने (दाब मोजायचं यंत्र) गॅसचा दाब तपासायला सांगा. नॅचरल गॅसला मॅनिफोल्डवर (व्हॉल्व्हनंतर बर्नरकडे जाणारी नळी) बहुधा ३.५ इंच पाण्याचा दाब असतो. नेमका आकडा रेटिंग प्लेटवर. दाबच कमी असेल तर पट्टी हलवून काही साधत नाही.

एडिसनकर
दोघांचेही आभार. एक शंका: कंत्राटदाराकडे दुसऱ्या कंपनीचे चार फुटी पाइप शिल्लक आहेत, त्याच मापाचे. वापरू द्यावेत का?

मेधा_एस
नाही. फायरप्लेसच्या मॅन्युअलमध्ये ज्या कंपन्यांचे पाइप मंजूर आहेत त्यांतला एकच निवडा आणि कॉलरपासून टोपीपर्यंत तोच ठेवा. माप सारखं असलं तरी ट्विस्ट-लॉकच्या (फिरवून बसवायच्या सांध्याच्या) खाचा वेगळ्या असतात. बाहेरून बसल्यासारखा दिसतो, आतली नळी मात्र अर्धवट राहते. मग धूर हवेच्या पोकळीत शिरतो, ज्योतीला प्राणवायू कमी पडतो आणि फायरप्लेस १०-१५ मिनिटं छान चालून बंद पडतो. लोक थर्मोकपल (ज्योत आहे का ते ओळखणारा भाग) बदलत बसतात, दोष सांध्यात असतो. त्याच कारणाने स्क्रू लावलेच तर अर्ध्या इंचाहून लांब नकोत, ते बाहेरच्याच पदरात राहायला हवेत.

सामान मोजताना प्रत्येक सांध्यात इंच-सव्वा इंच जातो हे धरा. शेवटचा तुकडा लांबी जुळवता येणारा घ्या, दुपदरी पाइप कापायचा नसतो. आधाराचा पट्टा मॅन्युअल सांगेल त्या अंतरावर, सहसा दर ४ फुटांना. एल्बोच्या वर वेगळा आधार, पाइपाचं वजन एल्बोवर येऊ देऊ नका.

इन्स्पेक्टरने फायरस्टॉप आणि मोकळी जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कपाटातली पेटी बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ असायलाच हवा, आणि तो फायरप्लेस पहिल्यांदा पेटवण्याआधी लावा.