चंपीचं पहिलं वेत: नर कुठला लावू, आणि पिल्लं कुठल्या महिन्यात येऊ देऊ?

माणचा_मेंढका

राम राम मंडळी. आम्ही माण तालुक्यातले. दोनशे मेंढरं, तीन घोडी, दोन कुत्री. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे माणसं आणि मेंढरांचा आमचा फिरता तळ, कोकणात उतरतो, पाऊस लागायच्या आत माघारी येतो. चंपी आमची धनगरी कुत्री, येत्या पौषात चार वर्षांची होईल. तिचं एकच वेत काढायचं आहे, पण नीट काढायचं आहे.

ती काय चीज आहे ते आधी सांगतो. दोन वर्षांमागे फलटणच्या अलीकडं माळावर वाडा पडला होता. रात्री चंपी वाघरीला, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीला, फेऱ्या मारत असते. त्या रात्री ती फेरी अर्धी टाकून उभी राहिली. मानेवरचे केस ताठ, तोंडातून आवाज नाही. आईनं बॅटरी मारली तर ओढ्याच्या कडेला दोन डोळे चमकले. वाघ्या, आमचा दुसरा कुत्रा, भुंकत थेट त्यांच्यावर धावला. लांडग्याला तेच पाहिजे असतं. एक जण कुत्र्याला लांब नेतो, दुसरा मागून येऊन कोकरू उचलतो. दुसरा आलाही, बोरीच्या झुडपाआडून. पण चंपी कोकरांपासून एक पाऊल हलली नव्हती. तो तिला बघून फिरला. सकाळी मोजली, सगळी कोकरं जागेवर. हा गुण पुढं चालला पाहिजे.

आता चुकीचं सांगतो. चंपीच्या आईचं वेत वाटेत झालं, ऐन पौषात. सात पिल्लं. रोज वाडा हलत होता, म्हणून पिल्लं टोपलीत घालून घोडीवर. चौथ्या आठवड्यात ज्यानं मागितलं त्याला देऊन टाकली. चार रक्ताच्या हगवणीनं गेली, दोघांचं काय झालं ते आजतागायत कळलं नाही. राहिली ती चंपी. ही चूक आमची होती आणि परत करायची नाही.

नर तीन आहेत. चुलत्याच्या वाड्यातला काळ्या, लांडग्याला न भिणारा, पण त्याचा आणि चंपीचा बाप एकच. एका बागायतदाराचा कारवान जातीचा शिकारी कुत्रा, दिसायला देखणा, मालक फुकट द्यायला तयार. आणि खटाव तालुक्यातल्या एका वाड्यातला पांढरा धनगरी, पाच वर्षांचा, आमच्या वाणाशी काही संबंध नाही.

चंपीचे मागचे दोन माज मी कॅलेंडरवर लिहून ठेवलेत: १२ एप्रिल आणि २९ ऑक्टोबर. काय करू?

पशुवैद्य_सांगली

माजाच्या तारखा लिहून ठेवल्यात, अर्धं काम तिथंच झालं. दोन माजांत २०० दिवसांचं अंतर आहे. तोच हिशोब धरला तर पुढचा माज मे महिन्याच्या मध्यावर, १७ तारखेच्या आसपास. कुत्रीचं अंतर थोडं मागंपुढं होतं, त्यामुळे मे लागला की रोज बघत जा. रक्त दिसलं तो पहिला दिवस. बहुतेक कुत्र्या साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसात नर घेतात, काही आधी, काही नंतर. नेमकं हवं असेल तर रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची तपासणी होते, पण त्यासाठी शहर गाठावं लागेल. ते जमत नसेल तर एक दिवस आड दोनदा नर लावा. त्यापुढं सरासरी ६३ दिवस, म्हणजे पिल्लं जुलैच्या अखेरीस.

लावायच्या आधी दोघांची तपासणी करून घ्या. ब्रुसेला (गाभ पाडणारा आजार) आणि गोचिडीच्या तापासाठी रक्त तपासायला द्या. आणि दोघांचं जननांग नीट बघून घ्या. आपल्याकडच्या मोकळ्या कुत्र्यांत फुलकोबीसारखी गाठ असते, रक्त ठिबकत असतं, ती मुख्यतः नर-मादीच्या संगातून पसरते. आठवड्याला एक अशी व्हिन्क्रिस्टिनची इंजेक्शनं देऊन बरी होते, पण गाभण कुत्रीला ते औषध चालत नाही. म्हणून आधीच बघायचं.

जंताचं औषधही वेळापत्रकात बसवा. फेनबेंडाझोल किलोला ५० मिलिग्रॅम, गाभण झाल्याच्या ४० व्या दिवसापासून व्याल्यानंतर १४ व्या दिवसापर्यंत रोज. आईच्या अंगातले गोलजंत पोटातच पिल्लांकडे जातात, ते यानं बरेच अडतात. पिल्लांना दोन, चार, सहा, आठ आठवड्यांना. डोस जवळच्या डॉक्टरांकडून वजन करूनच ठरवा.

आजोबांची_काठी

मी पारनेरकडचा. काळ्याचा विचार सोड बाळा. मेंढा आपण दोन वर्षांनी का बदलतो? लेकी त्याच्याच अंगाखाली जाऊ नयेत म्हणून. मग कुत्र्याला वेगळा नियम कसा? बाप एक म्हणजे रक्त एक.

कारवानाचं तर मनातही आणू नकोस. ते जनावर धावणाऱ्याच्या मागं धावायला जन्मलेलं. ससा पळाला की त्याचे पाय आपोआप सुटतात. आमच्या एका पावण्यानं तसला संकर केला होता. पिल्लू मोठं झालं, कोकरू उड्या मारत सुटलं की हे मागं. चावायचं नाही, पण पळवायचं. गाभण मेंढी पळाली की गाभ गेला. शेवटी ते कुत्रं साखळीला बांधून ठेवलं. साखळीला बांधलेलं कुत्रं वाड्याच्या काय कामाचं?

खटावचा पांढरा जाऊन बघ. नुसता बघू नकोस, एक रात्र त्या वाड्यावर मुक्काम कर. कोकरांत बसतो का, मेंढीनं ढुशी दिली तर दात दाखवतो का, परका माणूस आला तर किती अंतरावर थांबतो. कुत्र्याचं खरं रूप रात्री दिसतं.

माणचा_मेंढका

आजोबा, मुक्कामाचं पक्कं केलं. काळ्या आणि कारवान, दोन्ही रद्द.

डॉक्टर, एक अडचण आहे. पिल्लं जुलैअखेर आली तर वाडा निघताना ती १४ आठवड्यांची असतील. चालतील का? आणि लसींचं काय?

पशुवैद्य_सांगली

पूर्ण टप्पा चालणार नाहीत, निम्मी वाट घोडीवर न्या. पण माज घाईनं साधायला जाऊ नका आणि हा माज टाळायचीही गरज नाही. पावसाळाभर वाडा गावात असतो, पिल्लं एका जागी वाढतात, हीच मोठी गोष्ट.

पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लं मारणाऱ्या दोन आजारांची एकत्र लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून, मग दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा डोस १६ आठवडे पुरे झाल्यावर. रेबीज तीन महिन्यांनंतर. तुमच्या हिशोबानं शेवटचा डोस वाटेत येतो. मुक्काम कुठल्या तालुक्याच्या गावाजवळ असेल ते आधी ठरवून तिथल्या दवाखान्यात फोन करून ठेवा. लस २ ते ८ अंशातच टिकते, पिशवीत घेऊन फिरू नका. शेवटचा डोस चुकला तर आधीचे फुकट जाऊ शकतात, कारण आईच्या चिकातून आलेली ताकद लसीला आडवी येते आणि ती ताकद कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं असतं.

डिस्टेंपरची लस तुमच्या कुत्र्यांपुरती नाही. तो आजार कुत्र्यांकडून माळावरच्या लांडग्यांनाही लागतो. लांडगा आपलं कोकरू नेतो हे खरं, पण माळ त्याचाही आहे.

महाडची_शेतकरीण

दादा, आमच्या शेतात दरवर्षी एक वाडा बसतो, भात कापून झालं की चार रात्री. लेंडीखताच्या बदल्यात आम्ही तांदूळ देतो. मी कुत्र्यांना भात घालते, म्हणून त्यांच्या सवयी मला ठाऊक आहेत.

सांगायचं असं की पिल्लू कुणाला द्याल ते जपून. माझ्याकडे दहा शेळ्या आहेत, बिबट्याची भीती असते. मला असं पिल्लू हवं होतं, एका वाड्यानं दिलंही. आम्ही घरात घेतलं, मुलांनी अंगाखांद्यावर खेळवलं. मोठं झाल्यावर ते ओटीवर झोपायचं, गोठ्याकडे फिरकायचं नाही. चूक पिल्लाची नव्हती. तिसऱ्या आठवड्यापासून ते तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत ज्यांच्यात वाढतं त्यांनाच ते आपलं मानतं, हे मला नंतर समजलं. घेणाऱ्याला हे आधी सांगा. शेळ्यांत ठेवणार असेल तरच द्या.

माणचा_मेंढका

ताई, तुमचं वाचून आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, चंपी पाच आठवड्यांची असताना कोकरांच्या वाघरीत त्यांच्या उबेला झोपायची, तिला कुणी उचलून घेतलंच नाही. म्हणून ती अशी आहे.

आजोबांची_काठी

अजून एक. मेंढरू मेलं की डोकं कुत्र्याला टाकायची आपल्यात सवय. ती बंद कर. मेंढरू मान एका बाजूला टाकून जागच्या जागी गरगर फिरतं आणि मरतं, ते बघितलंय ना? त्याच्या मेंदूत पाण्याचा फोड असतो. कुत्र्यानं ते डोकं खाल्लं की पोटात पट्टीजंत, कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर, गवतातून परत मेंढरात. आमच्याकडं एका वर्षात अशी नऊ गेली. डोकं खोल पुरायचं नाहीतर जाळायचं, आणि कुत्र्यांना पट्टीजंताचं औषध.

माणचा_मेंढका

खटावला जाऊन आलो. दोन रात्री राहिलो. पांढरा रात्रभर कोकरांच्या कडेला, मी उठलो की मान वर, बसलो की मान खाली. पहाटे एक कोकरू त्याच्या पोटावर चढून उभं राहिलं तरी हलला नाही. मालकानं रक्त तपासायला होकार दिला. बदल्यात एक पिल्लू त्याचं.

माजाचे तीन आठवडे चंपीला जुन्या बळदाच्या, म्हणजे धान्य साठवायच्या, खोलीत ठेवणार. दाराखालून हात जाईल एवढी फट होती, दगड-चुना भरून बुजवली. गावातली मोकळी कुत्री उकरून आत शिरतात, आणि एका वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. फिरवायला मी स्वतः दोरीवर नेणार.

पिल्लं आठ आठवड्यांच्या आत कुणालाही नाही. आतापर्यंत चार वाडे पक्के झालेत: खटावचा, चुलत्याचा, म्हसवडच्या मामांचा, आणि एक आमचा. चारांपेक्षा जास्त झाली तर जागा मिळेपर्यंत आमच्याकडेच राहतील, बाजरी तेवढी जास्त लागेल. वेत झाल्यावर चंपीचं ऑपरेशन करायचं, आई याला तयार आहे.

महाडच्या ताई, तुमच्या शेतात बसणारा वाडा कुणाचा ते कळवा. पाचवं झालं आणि तुम्ही ते शेळ्यांतच ठेवणार असाल तर तुमच्यासाठी राखून ठेवतो. दिवाळीनंतर आम्ही वरंध घाटानंच उतरतो.

महाडची_शेतकरीण

शेळ्यांतच ठेवीन. गोठ्यात आत्तापासून कोपरा करून घेते. मुलांना मी सांगते.