मदत हवी आहे: काकांचे वंशावळीचे कागद ग्रंथालयाला देताना

काकांनी आयुष्यभर जमवलेले वंशावळीचे कागद एका ग्रंथालयाच्या अभिलेखागाराला (जुनी कागदपत्रं जपणाऱ्या विभागाला) द्यायचे आहेत. वह्या, पत्रं, दस्तांच्या नकला, आणि समासात पेन्सिलीने टिपलेलं, कुठलं नाव कोणाकडून कळलं ते. माझ्या मते खरा ऐवज तोच. म्हणून त्यांनी लावलेला क्रम मोडलेला नाही. गंजलेल्या टाचण्या तेवढ्या काढल्या, कागद खराब होऊ नयेत म्हणून आम्लमुक्त (अ‍ॅसिड नसलेले) फोल्डर आणले. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी कटाक्षाने टाळली.

अडलंय दानपत्रापाशी. हयात नातेवाइकांच्या जन्मतारखा, दत्तकाच्या नोंदी काही वर्षं बंद ठेवायची अट घालता येते ना? ती नेमक्या कोणत्या शब्दांत घालावी? प्रताधिकार (कॉपीराइट) घरच्यांकडे ठेवून नुसते कागद दिले तर पुढे अभ्यासकांची अडचण होते का? कोणी असे कागद दिले असतील तर मसुद्यात काय काय लिहून घेतलंत, कृपया सांगा.