अस्सल साधनं आणि कला वर्गात आणायची आहेत: ठाणे-नवी मुंबईतल्या ४० शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण कसं आखावं?

तासिका_३५

नमस्कार मंडळी. पाचवीचा परिसर अभ्यास आणि सहावी ते आठवीचा इतिहास शिकवणाऱ्या ४० शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण ठाण्यात घ्यायचं आहे. निम्मे शिक्षक ठाणे शहरातले, निम्मे ऐरोली ते बेलापूर पट्ट्यातले. वेळ १० ते ५. एक हॉल, एक प्रोजेक्टर, झेरॉक्सची सोय, आणि साहित्यासाठी एकूण चार हजार रुपये.

अडचण सगळ्यांच्या ओळखीची आहे. भौतिक, लिखित, मौखिक हे साधनांचे प्रकार मुलं घडाघडा सांगतात, पण वर्षभरात एकही साधन हातात घेऊन बघत नाहीत. कला जोडा म्हटलं की तासिकेची शेवटची दहा मिनिटं ‘आता चित्र काढा’ होतं. त्या चित्राचा साधनाशी काही संबंध उरत नाही.

कोणती साधनं घ्यावीत आणि किती? कला साधनात गुंतवायची कशी? हे सगळं ३५ मिनिटांच्या तासिकेत बसायला हवं, ही अट धरूनच सांगा.

दफ्तरखाना

दोन दिवसांत चार साधनं घ्या, पाचवं नको. पंधरा साधनांचा स्लाइड शो केलात तर शिक्षकांना प्रत्येक साधन दोन मिनिटं दिसेल, आणि वर्गात जाऊन ते मुलांनाही तसंच दाखवतील. प्रशिक्षणात एका साधनाला किमान ७० मिनिटं लागतात: दहा मिनिटं न बोलता बघणं, वीस मिनिटं गटात वाचन, पंचवीस मिनिटं कलाकृती, उरलेली पंधरा मिनिटं ‘हे सातवीला कसं द्याल’ यावर. शिक्षकांनी आधी विद्यार्थी होऊन ती कृती पूर्ण करायची, मग शिक्षक म्हणून तिच्यावर बोलायचं. दोन्ही एकत्र झालं की पहिल्याच मिनिटाला ‘आमच्या मुलांना हे जमणार नाही’ सुरू होतं आणि साधन बाजूला पडतं.

ठाण्याकडे साधनांची ददात नाही. शिलाहार घराण्यातल्या अरिकेसरी राजाचा ताम्रपट घ्या. तो १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खोदताना सापडला. त्यावर शक ९३९ आहे, म्हणजे इसवी सन १०१७. त्याचं इंग्रजी भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात १७८८ मध्ये छापलं गेलं. म्हणजे आज आपण वाचतो ते मूळ संस्कृत, अठराव्या शतकातलं इंग्रजी आणि आपलं मराठी अशा तीन हातांतून आलेलं असतं. हे शिक्षकांना आधी सांगू नका. ‘हा मजकूर कोणाकोणाच्या हातून तुमच्यापर्यंत आला?’ असं विचारा आणि थांबा. मजकूर १२ ते १५ ओळींपेक्षा जास्त नको. वंशावळ, दान देणारा, दान घेणारा, गावाच्या चतुःसीमा, दान मोडणाऱ्याला शाप, हा शिलाहारांच्या दानपत्रांचा नेहमीचा क्रम. गटांनी तो मजकुरातून स्वतः शोधून काढायचा. गावांची जुनी नावं सोपी करून लिहू नका, मुलांचं कुतूहल तिथेच जागं होतं.

दुसरं साधन रेल्वे. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, आणि साहेब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. इथपर्यंत बहुतेक ठिकाणी एकमत दिसतं. प्रवासाला लागलेला वेळ मात्र काही ठिकाणी ५७ मिनिटं छापलेला आहे, काही ठिकाणी सव्वा तास. दोन्ही उतारे शेजारी-शेजारी द्या आणि वेग काढायला लावा. एकातून ताशी साधारण ३६ किलोमीटर येतात, दुसऱ्यातून २७. मग विचारा, यातलं खरं कोणतं हे ठरवायला अजून काय बघावं लागेल? एरवी दहा वाक्यांचं व्याख्यान झालं असतं, ते हा एक प्रश्न करतो. नेटवर ‘पहिली गाडी’ म्हणून फिरणारी चित्रं वापरू नका. कधी, कोणी आणि कुठल्या संग्रहातलं हे कळत नसेल तर ते साधन नव्हे.

जुनं ठाणे गॅझेटियर, म्हणजे इंग्रजी अमलातला जिल्ह्याचा माहितीग्रंथ (खंड १३ आणि १४, १८८२), सहज मिळतं आणि उपयोगीही आहे. मात्र त्यातलं पोर्तुगीज काळाचं वर्णन अस्सल (म्हणजे त्याच काळातलं) साधन म्हणून देण्याची चूक फार होते. १८८० च्या आसपासची मिठागरं, तरी (खाडी ओलांडायच्या होड्या) आणि पिकं यांच्यासाठी तो ग्रंथ अस्सल. १७३९ च्या वसईच्या मोहिमेसाठी दुय्यम. एकच पुस्तक, प्रश्न बदलला की त्याची जात बदलते.

छपाई: चार जणांचा एक गट, गटाला ए-थ्रीची एकच प्रत, म्हणजे दहा प्रती. प्रत्येकाला ए-फोर दिला की सगळे खाली मान घालून एकटे वाचतात. छायाचित्र साध्या झेरॉक्सवर काळं ठिक्कर होतं, ते लेझर प्रिंटवरच काढा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा दाबली जाते आणि बारकावे जातात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून मागवा. साधनाची ओळख (काय, केव्हाचं, कोणी केलं, मूळ कुठे आहे) कागदाच्या मागे छापा आणि पहिली दहा मिनिटं कागद उलटू देऊ नका.

नोंदीसाठी तीन रकाने: काय दिसतं, त्यावरून काय वाटतं, काय विचारावंसं वाटतं. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने शिक्षकांसाठी केलेला तक्ता याच धर्तीचा आहे. हमखास चूक होते ती पहिल्या रकान्यात. शिक्षक तिथे ‘राजा उदार होता’ असं लिहितात. तेव्हा एवढंच विचारा, ‘कोणत्या ओळीवर बोट ठेवाल?’ बोट ठेवता आलं नाही तर वाक्य दुसऱ्या रकान्यात.

रंगपेटी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. कलेच्या बाजूने जोडतो. कलाकृती अशी निवडा की ती करताना साधनाकडे पुन्हा वळून बघावंच लागेल. न बघता पूर्ण होत असेल तर ती कृती रद्द करा.

ताम्रपटासाठी शाडूची पाटी घ्या. गटाला ३०० ग्रॅम भिजवलेला शाडू, म्हणजे दहा गटांना तीन किलो, चौथा किलो हाताशी. प्लॅस्टिकच्या कागदावर १५ × १० सेंटिमीटर, एक सेंटिमीटर जाड अशी पाटी थापायची. कोरायला संपलेली रिफिल. टोकदार खिळा माती उकरतो आणि अक्षरांच्या कडा फाटतात. माती बोटाला चिकटत असेल तर दहा मिनिटं उघडी ठेवा, दाबल्यावर कडेला भेगा पडत असतील तर ओला हात फिरवा. एक सेंटिमीटर उंचीची अक्षरं धरली तर पाटीवर सात-आठ ओळी, म्हणजे जेमतेम ८० ते ९० अक्षरं बसतात. शाळेला जमीन दान दिल्याचा मजकूर एवढ्यात बसवा, असं सांगा. मग गटात वाद सुरू होतो: राजाचं नाव ठेवायचं की सीमा? शाप गाळला तर चालेल का? जागा आणि कष्ट मोजावे लागले की दानपत्रांची भाषा ठरावीक साच्याची का असते हे हाताला कळतं. कोणाचं अक्षर चुकलं तर पुसू देऊ नका, तसंच पुढे जाऊ द्या. ताम्रपटांतही कोरणाऱ्याच्या चुका सापडतात, आणि त्यावर बोलायला याहून चांगली वेळ नाही.

पाटी सुकायची वाट बघू नका. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत आठवडाही लागेल, आणि उन्हात ठेवली तर तडकेल. हॉलचे दिवे मालवा आणि मोबाईलचा टॉर्च पाटीच्या कडेला, जवळजवळ आडवा धरा. समोरून उजेड टाकल्यावर न दिसणारी अक्षरं सावलीने उठून दिसतात. झिजलेल्या शिलालेखाचा फोटो असाच तिरप्या उजेडात घेतात. अंबरनाथच्या शिवमंदिरात (तिथला लेख शक ९८२ चा, म्हणजे १०६० चा) मुलांना नेलं तर हेच तंत्र वापरा. अक्षरांत खडू, पीठ किंवा तेल भरणं आणि कागद लावून घासणं अजिबात नको. ते संरक्षित स्मारक आहे, आणि दगडाचं नुकसान भरून येत नाही.

रेल्वेसाठी स्थिरचित्र. गटाने उताऱ्यातला एक क्षण निवडायचा आणि २० सेकंद पुतळ्यासारखं उभं राहायचं. बघणारे एकेकाच्या खांद्याला हात लावून विचारतात, ‘तू कोण, आणि हे कुठून काढलंस?’ उत्तराला तीन रंगांच्या चिठ्ठ्या: हिरवी म्हणजे साधनात थेट आहे, पिवळी म्हणजे साधनावरून केलेला तर्क, लाल म्हणजे निव्वळ कल्पना. लाल चिठ्ठी ही शिक्षा नाही, हे आधीच ठासून सांगा, नाहीतर शिक्षक घाबरून फक्त इंजिनच होतात. मात्र लाल चिठ्ठ्या हिरव्यांपेक्षा जास्त झाल्या तर गटाने पुन्हा उतारा वाचायचा.

पोवाडा जपून वापरा. मुलांना आवडतो, पण ‘जी जी रं’च्या ओघात प्रसंग आपोआप वीररसाचा होतो आणि साधनातल्या शंका वाहून जातात. त्यापेक्षा शिवकाळातल्या शाहीर अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा घेऊन तो साधन म्हणून वाचायला शिकवा: कोणासाठी गायला, कशावर भर दिला, काय गाळलं. वारलीचंही तसंच. कुठल्याही विषयावर त्रिकोणी माणसं रंगवली की कला जोडली, असं होत नाही. लग्नचौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढतात ती चौकट, हाच दस्तऐवज आहे. सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने काढलेला, मधे पालघट देवी. तो तीन रकान्यांत वाचायला दिला तर वीस मिनिटंही अपुरी पडतात.

खाजणकाठ

नवी मुंबईच्या शिक्षकांना ताम्रपट दूरचा वाटेल. त्यांच्यासाठी चौथं साधन नकाशा ठेवा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. त्याआधीचा पट्ट्याचा नकाशा आणि आजचा नकाशा, दोन्ही एकाच प्रमाणात. वर बटर पेपर ठेवून चार गोष्टी चार रंगांत उतरवायच्या: गावठाण, मिठागर, खाजण (खाडीकाठची खारी जमीन) आणि भरतीच्या पाण्याची हद्द. मग तोच बटर पेपर आजच्या नकाशावर सरकवायचा. सेक्टरच्या चौकटीत गावठाणाचा वाकडातिकडा आकार तसाच राहिलेला दिसला की पुढचे प्रश्न मुलंच विचारतात.

इथे हमखास फसतं ते प्रमाण. १:५०,००० च्या नकाशात एक किलोमीटर म्हणजे दोन सेंटिमीटर. ए-फोरचा ए-थ्री करताना झेरॉक्सवाला १४१ टक्के मोठं करतो, म्हणजे एक किलोमीटर २.८ सेंटिमीटर होतो, पण कागदावर छापलेलं प्रमाण जुनंच राहतं. म्हणून आकड्यावर विसंबू नका, नकाशातली प्रमाणपट्टी मोजा. दोन्ही नकाशांवर न हललेल्या किमान तीन खुणा (देऊळ, टेकडी, तलाव) जुळवून घ्या. दोनच खुणा घेतल्या तर कागद ताणला गेला आहे का हे कळत नाही.

याला मौखिक साधन जोडा. आगरी लग्नातले धवले (विधींची गाणी) म्हणणाऱ्या धवलारिणी अजून गावांत आहेत. मुलांनी जाताना रिकाम्या हातांनी जाऊ नये. जुनी टोपली, कोयता, मिठाचं फावडं किंवा लग्नाचा फोटो समोर ठेवून ‘हे कसं वापरायचात?’ असं विचारावं. ‘पूर्वी कसं होतं हो आजी?’ या प्रश्नाला ‘चांगलं होतं’ एवढंच उत्तर मिळतं. ध्वनिमुद्रण वीस मिनिटांपेक्षा लांबवू नका. तेवढं शब्दशः उतरवायलाच मुलांना दोन तास लागतात. बोली शब्द प्रमाण मराठीत बदलायचे नाहीत. मुद्रणाआधी परवानगी, आणि उतरवलेलं त्यांना वाचून दाखवणं, हे दोन्ही आवश्यक.

एक जपा. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेला. वर्गात प्रकल्पग्रस्त कुटुंबांतली मुलं असतात. या विषयावर वृत्तपत्रांची कात्रणं जरूर वाचा, पण गोळीबाराचं नाट्यीकरण करू नका. इथे कला म्हणून नकाशा पुरे.

तासिका_३५

फार उपयोगी, आभार. दोन शंका. तिसरं साधन मोडी कागद ठेवायचा विचार आहे, पण ४० पैकी कोणालाच मोडी येत नाही. आणि शाडू, बटर पेपर हे ३५ मिनिटांत कसं बसवायचं?

दफ्तरखाना

मोडी न येणं अडचण नाही, पूर्ण पत्र द्यायचा हट्ट ही अडचण. चार ओळींचा तुकडा आणि शेजारी ओळीला ओळ जुळेल असं बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर द्या. शिरोरेघ आधी सलग ओढलेली आहे, शब्द तोडलेले नाहीत, एवढं त्यांनी बघून शोधावं. मग ‘श्री’ आणि कोणतंही दोनदा आलेलं अक्षर गोल करायला सांगा. खरी मजा तारखेत आहे. ‘सबा सलासीन मया व अलफ’ हे अरबी आकडे, म्हणजे सात, तीस, शंभर आणि हजार, मिळून सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना) ११३७. सुहूर वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं. त्यामुळे जून ते डिसेंबरच्या तारखेला ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेच्या तारखेला ६००. मराठ्यांनी ठाणे घेतलं ते १७३७ चे पहिले महिने याच सनात येतात. शकात ७८ मिळवताना हाच सापळा आहे: पौष ते फाल्गुनातल्या तारखा बहुधा पुढच्या इसवी सनात पडतात, तेव्हा ७९.

रंगपेटी

एका तासिकेत बसवू नका, दोन तासिका घ्या. पहिल्या तासिकेत फक्त साधन: आठ मिनिटं बघणं, पंधरा मिनिटं तीन रकाने, सात मिनिटं मागची बाजू उलटून वाचणं, बाकी पाच मिनिटं कागद वाटण्यात आणि गोळा करण्यात जातातच. दुसरी तासिका कलेची, शक्यतो कला-कार्यानुभवाच्या तासाला जोडून. शाडू आदल्या दिवशी भिजवून ३०० ग्रॅमचे गोळे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. वर्गात तोलत बसलात तर दहा मिनिटं तिथेच गेली. स्थिरचित्राला साहित्य लागत नाही, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्या शिक्षकाने तिथून सुरुवात करावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी २ ते ५ कोणतंही नवीन साधन ठेवू नका. प्रत्येक गटाने आपल्या शाळेपासून चालत जाता येईल असं एक साधन ठरवायचं, त्याचा ए-थ्री कागद तयार करायचा आणि शेजारच्या गटावर पंधरा मिनिटं चालवून बघायचा. शेजारच्या गटाने एकच गोष्ट मोजायची: शिक्षकाने किती वेळा स्वतःच उत्तर सांगून टाकलं. तो आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, महिन्याभराने शिक्षण परिषदेत तोच पाठ पुन्हा घेतला की पुन्हा मोजा.