मदत हवी आहे: तुकड्यांच्या आलेखाचा उतार कमी का येतोय?

नमस्कार मंडळी. अणुकेंद्रकं जोरात आदळली की त्यांचे तुकडे होतात आणि त्यात द्रव-वायू संक्रमणाच्या (द्रव उकळून वायू होतो तशा बदलाच्या) खुणा दिसतात, या विषयावर प्रकल्प करतेय. प्रारूप अगदी साधं आहे, पर्कोलेशनचं: घनाकृती जाळी घ्यायची, शेजाऱ्यांमधले बंध यादृच्छिकपणे तोडायचे आणि उरलेले तुकडे मोजायचे. जाळी ६×६×६ ची, म्हणजे २१६ बिंदू. सोन्याच्या केंद्रकात १९७ न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) असतात, म्हणून मुद्दाम तेवढीच लहान ठेवली.

मोठ्या जाळीत बंध टिकण्याची शक्यता ०.२४८८ च्या खाली गेली की जाळीभर पसरलेला तुकडा फुटतो, आणि नेमक्या त्या बिंदूवर तुकड्यांची संख्या आकाराच्या साधारण −२.१९ या घातानुसार घटते. लॉग-लॉग आलेखात (दोन्ही अक्ष लॉगरिदमिक) हा घात रेषेचा उतार म्हणून दिसतो; माझा उतार मात्र −१.९ वरच अडलाय.

आलेखात शेपटाकडे, म्हणजे मोठ्या आकारांकडे, बघितलं तर बहुतेक आकारांना एकेकच तुकडा मिळालाय, ते ठिपके सरळ आडव्या रांगेत बसलेत. तेच रेषेला वर खेचत असावेत, असा माझा संशय. मग लॉगरिदमिक गट पाडू (आकार वाढेल तसे रुंद होत जाणारे) की सरळ मॅक्सिमम लाइकलिहुड वापरू, म्हणजे रेषा न बसवता आकडे ज्या घाताला सर्वात संभाव्य ठरतात तो घात काढू? आणि प्रत्येक वेळचा सगळ्यात मोठा तुकडा मोजणीतून वगळायचा ना?

आणखी एक, जे मला जास्त छळतंय. काच फुटली तरी तुकडे घातनियम पाळतात, म्हणजे त्यांची संख्या अशीच आकाराच्या घातानुसार घटते, तिथे कुठलं आलंय उकळणं! मग केंद्रकाच्या बाबतीत घातनियमाखेरीज काय तपासायचं? सर्वात मोठ्या तुकड्याच्या आकारातले चढउतार पुरेसे ठरतील का?

हे काम केलेल्या कुणी सांगितलं तर बरं होईल. कोड पायथनमध्ये आहे, हवा तर टाकते.