हलगी आणि पेटीचे सॅम्पल कॉन्टॅक्टमधून एसएफझेडमध्ये नेताना अडलोय

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. २०१६ साली मामांची हलगी रेकॉर्ड केली होती, कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या घराच्या माडीवर. खिडक्यांना गाद्या लावल्या, खाली परड्यात जाळ केला. कातडं गार पडलं की आवाज बसतो, म्हणून थोड्या थोड्या वेळानं हलगी खाली नेऊन शेकायची आणि पळत वर आणायची. टिपरूचे, काडीचे, कडेवरचे असे सहा प्रकारचे ठोके घेतले. प्रत्येक ठोका चार जोरांत, आणि प्रत्येक जोरात चार-चार वेळा. एकूण ९६ फायली. त्याच महिन्यात आजोबांच्या पेटीचे ३७ स्वरही घेतले.

मामा खासबागेत कुस्त्यांना वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, आता उजवा हात उठत नाही. म्हणजे हे ठोके पुन्हा मिळायचे नाहीत.

तेव्हा मित्राच्या स्टुडिओत पूर्ण कॉन्टॅक्ट होतं (असे रेकॉर्ड केलेले आवाज, म्हणजे सॅम्पल, कीबोर्डवर मांडून वाजवायचं सॉफ्टवेअर), सगळी मांडणी त्यातच केली. तो पुण्याला गेला. माझ्याकडे आता साधा लॅपटॉप, रेकॉर्डिंगचं रीपर आणि एसएफझेड (कुठला सॅम्पल कुठल्या पट्टीवर वाजवायचा ते लिहिलेली फाइल) वाजवणारं फुकटचं स्फोर्झांडो. हलगीची एनकेआय, म्हणजे कॉन्टॅक्टमधल्या मांडणीची फाइल, कन्व्हर्टविथमॉस या रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एसएफझेड करून घेतली. पेटीचं एसएफझेड फायलींच्या नावांवरून स्वतःच लिहिलं. तीन अडचणी आहेत:

हलगीचा एक ठोका वाजवला की त्याच जोरात घेतलेले चारही एकदम वाजतात, आणि बोट उचललं की आवाज मध्येच तुटतो. पेटी सगळी एक सप्तक वर बोलते. आणि पेटीचा स्वर धरून ठेवला की त्याचा एक तुकडा पुन्हा पुन्हा फिरतो (लूप), त्याच्या दर फेरीला ‘टक्’ होतं. जागा वाचवायला मी पेटीच्या फायली ४८ हजारवरून ४४.१ हजारवर (सेकंदाला आवाजाची इतकी मोजमापं) आणल्या होत्या, तो घोळ असेल का?

मिरजेचा तंबोरा

दादा, आधी एक सांगा, मूळ वेव्ह फायली जशाच्या तशा आहेत ना? असतील तर घाबरायचं कारण नाही. एसएफझेड म्हणजे साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडते. आत काय लिहिलंय ते डोळ्यांनी दिसतं, आणि हाताने दुरुस्त करता येतं. एनकेआय तसं उघडत नाही.

चार ठोके एकदम वाजतात कारण कॉन्टॅक्टमधली आळीपाळी या फायलीत उतरलेली नाही. चार ग्रुप असतील. प्रत्येकात ‘सेक_लेंग्थ’ ४ लिहा, आणि ‘सेक_पोझिशन’ पहिल्यात १, दुसऱ्यात २, असं चारपर्यंत. शब्द अर्थात इंग्रजी अक्षरांत लिहायचे. तुटण्यावर उपाय ‘लूप_मोड’ला ‘वन_शॉट’. मग बोट उचललं तरी ठोका पूर्ण वाजेल. हलगीला हेच हवं.

शाहूपुरी साउंड

सप्तकाचं कारण नावांत आहे. कॉन्टॅक्ट मिडी ६० ला (मिडी म्हणजे कीबोर्डच्या पट्ट्यांचे ठरलेले क्रमांक) सी-३ म्हणतं, एसएफझेड त्याच पट्टीला सी-४ म्हणतं. तुमच्या फायलींवर सी-३ लिहिलंय, ते एसएफझेडनं ४८ धरलं. पट्टी एक सप्तक खाली सरकली, फाइल तीच राहिली. स्वरांची नावं काढून सगळीकडे आकडे लिहा, ‘लोकी’ (खालची पट्टी), ‘हायकी’ (वरची पट्टी), ‘पिच_कीसेंटर’ (मूळ स्वराची पट्टी) तिन्हींत. मध्य सप्तकातली सफेद एक म्हणजे ६०.

‘टक्’चा तुमचा अंदाज बरोबर आहे. लूपची जागा सेकंदांत नसते, फाइलीतल्या मोजमापांच्या मोजणीत असते (त्यांनाही सॅम्पलच म्हणतात). ४८ हजारच्या फाइलीत ९६००० म्हणजे बरोबर २ सेकंद. तीच जागा ४४.१ हजारच्या फाइलीत ८८२०० वर येते. एसएफझेडमध्ये जुना आकडा राहिला असेल तर लूप भलतीकडेच जोडला जातो. आकड्याला ४४१ ने गुणून ४८० ने भागलं तरी लाट अगदी शून्यावर जुळेलच असं नाही. मी तुमच्या जागी असतो तर ४८ हजारच्याच फायली परत लावल्या असत्या. ३७ स्वरांना अशी किती जागा लागते?

मंगळवारपेठकर

रात्री बसून केलं. हलगी वाजायला लागली! चार ठोके आळीपाळीनं येतात आणि तो एकसुरी मशीनगनसारखा आवाज गेला. पेटीलाही ४८ हजारच्या फायली लावल्या, ‘टक्’ गेला. आकडे मात्र एकूण १११ ठिकाणी बदलावे लागतात, अजून वरच्या सप्तकातले ८ स्वर बाकी आहेत.

मामांना हेडफोन लावून ऐकवलं. कडेवरच्या ठोक्याला त्यांनी मान हलवली. सगळ्यात हलक्या जोराचा ठोका ऐकून म्हणाले, ‘ह्यो माझा न्हाई, जोर कमी करून वाजवलेला वाटतोय.’ तपासलं तर खरंच, कॉन्टॅक्टमध्ये त्या थराचा आवाज ६ डेसिबल खाली केला होता आणि तेच एसएफझेडमध्ये ‘व्हॉल्यूम’ म्हणून आलंय. ते काढून टाकलं.

आता एकच विचारायचंय. मित्राकडे अजून एक एनकेआय आहे, ढोलकीची, पण सॅम्पल आतच भरलेली एकच मोठी फाइल आहे. ती कशी सोडवायची?

मिरजेचा तंबोरा

तिला मोनोलिथ म्हणतात. मित्राला कॉन्टॅक्टमध्ये उघडायला सांगा, ‘सेव्ह ॲज’मध्ये ‘पॅच प्लस सॅम्पल्स’ निवडायचं, आणि कॉम्प्रेसची खूण काढायची, नाहीतर वेव्हऐवजी कॉन्टॅक्टच्या दाबलेल्या एनसीडब्ल्यू फायली मिळतील. वेव्ह हातात आल्या की पहिली प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा, मग एसएफझेडला हात घाला.