हार्टफर्ड व्हेलर्स: ज्यांनी तो संघ प्रत्यक्ष पाहिला, त्यांच्या आठवणी हव्या आहेत

नवा_हार्टफर्डकर

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त मी पुण्याहून कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात राहायला आलो. हॉकी म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर हिरव्या टर्फवरची हॉकी येते. बर्फावरच्या हॉकीचे नियम मी इथे आल्यावरच शिकलो. पण पहिल्याच हिवाळ्यात एक गोष्ट लक्षात आली आणि तिचा उलगडा मला अजून झालेला नाही. आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. बर्फ पडला की ते दारासमोरची वाट मोकळी करायला बाहेर येतात आणि दर वेळी त्यांच्या डोक्यावर तीच लोकरीची हिरवी टोपी असते, जिच्यावर देवमाशाची निळी शेपटी विणलेली आहे. पुढे तेच चिन्ह मला गाड्यांच्या मागच्या काचांवर दिसले, शाळकरी मुलांच्या सदऱ्यांवरही दिसले. चौकशी केली तेव्हा कळले की हे हार्टफर्ड व्हेलर्स या आइस हॉकी संघाचे चिन्ह आहे आणि तो संघ १९९७ सालीच शहर सोडून गेला आहे. आज ज्या मुलांच्या अंगावर ते सदरे दिसतात, त्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

मग मी थोडे वाचले. १९७९ ते १९९७ या काळात नॅशनल हॉकी लीगमध्ये हा संघ १८ हंगाम खेळला आणि तेवढ्या वर्षांत बाद फेरीची एकच मालिका त्याला जिंकता आली. लीगच्या अजिंक्यपदासाठी दिल्या जाणाऱ्या स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत तो कधी पोहोचलाच नाही. असे असताना इतक्या वर्षांनंतरही लोकांची एवढी माया त्याच्यावर का असावी? शेजाऱ्यांना विचारायला संकोच वाटतो, कारण एकदा विषय काढला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि नंतर हवापाण्याकडे वळले. आपल्यापैकी काही जण सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून या भागात राहत आहेत. त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सातारकर_१९७४

आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. इतक्या वर्षांत हा विषय मराठीत मला कोणी विचारलाच नव्हता.

मी १९७४ साली शिकायला अमेरिकेत आलो आणि शिक्षण संपवून १९७७ मध्ये हार्टफर्डला नोकरीला लागलो. हा संघ मुळात बोस्टनचा. १९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन नावाची नवी लीग सुरू झाली, तिच्यात तो न्यू इंग्लंड व्हेलर्स या नावाने उतरला आणि १९७३ मध्ये त्या लीगचे पहिलेच अजिंक्यपद त्याने मिळवले. जानेवारी १९७५ मध्ये तो हार्टफर्डच्या नव्या सिव्हिक सेंटरमध्ये खेळू लागला. एका बाजूला बोस्टन आणि दुसऱ्या बाजूला न्यू यॉर्क अशा दोन थोरल्या शहरांच्या मध्ये दबलेले हे आमचे गाव. विमा कंपन्यांची कार्यालये पाच वाजता सुटली की रस्ते ओस पडत. हिवाळ्यात तर विचारायलाच नको. सामन्याच्या दिवशी मात्र त्याच रस्त्यांवर पोराबाळांसह माणसे चालताना दिसत. आमच्यासारख्या परक्या मुलखात आलेल्या माणसांना याचे मोल फार होते, कारण दुसऱ्या दिवशी कचेरीत सहकाऱ्यांशी बोलायला आपल्यापाशी काहीतरी असे.

मी येऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा सिव्हिक सेंटरचे छत कोसळले. १८ जानेवारी १९७८ ची पहाट. आदल्या रात्री तिथे विद्यापीठाचा बास्केटबॉल सामना झाला होता आणि सुमारे ५,००० प्रेक्षक तो पाहून घरी गेले होते. काही तासांनी बर्फाच्या भाराखाली सगळे छत खाली आले. आत कोणीच नव्हते, म्हणून एकही माणूस दगावला नाही. बर्फ हे निमित्त झाले, पण छताच्या पोलादी सांगाड्याच्या रचनेतच मोठ्या उणिवा होत्या, असे नंतरच्या तपासात आढळले. मी स्वतः स्थापत्य अभियंता आहे. तो सांगाडा मला आयुष्यभर विसरता आला नाही.

संघ बेघर झाला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जाऊन खेळू लागला. तिथवर महामार्ग क्रमांक ९१ वरून सुमारे ४० किलोमीटर जावे लागे. जे प्रेक्षक दोन वर्षे त्या रस्त्याने जात-येत राहिले, त्यांना ‘९१ क्लब’ म्हणत. त्यांच्यातला मीही एक. माझ्या जुन्या गाडीचा हीटर धड चालत नसे, तेव्हा आम्ही चौघे मित्र पायांवर घोंगडी घेऊन बसत असू आणि परतताना मध्यरात्री वाटेत थांबून कॉफी घेत असू. आपल्या शेजाऱ्यांचे वय पाहता तेही त्या रस्त्याने गेले असतील, असे मला वाटते.

६ फेब्रुवारी १९८० रोजी दुरुस्त झालेल्या सिव्हिक सेंटरमध्ये संघ परतला. त्याच्या काही महिने आधी व्हेलर्सना नॅशनल हॉकी लीगमध्ये प्रवेश मिळाला होता, आणि बोस्टनच्या संघाने हरकत घेतल्यामुळे ‘न्यू इंग्लंड’ जाऊन नावात ‘हार्टफर्ड’ आले होते. ज्यांनी हा आग्रह धरला त्यांचा हेतू काही का असेना, आमच्या गावाचे नाव त्यामुळे माँट्रिऑल आणि शिकागोच्या पंगतीत छापून येऊ लागले.

त्याच हिवाळ्यात माझे वडील अर्जित रजा काढून साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. त्यांना खेळ म्हणजे कुस्ती. पण मी त्यांना हट्टाने सामन्याला नेले, कारण त्या वर्षी आमच्याकडे गॉर्डी हाऊ खेळत होता. हाऊचा जन्म मार्च १९२८ चा, आणि माझ्या वडिलांचाही १९२८ चाच. डेट्रॉइटमध्ये २५ हंगाम खेळून निवृत्त झालेला हा माणूस मुलांबरोबर खेळायला मिळावे म्हणून पुन्हा मैदानात उतरला होता आणि १९७७ पासून मार्क व मार्टी या दोन मुलांसह व्हेलर्सकडे होता. १९७९-८० च्या हंगामात, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तो संघाचे सगळे ८० सामने खेळला आणि त्याने १५ गोल केले. त्याचे पांढरे केस आमच्या वरच्या रांगेतूनही दिसत. कोपऱ्यात कोणी अंगावर आले की तो अशा बेताने कोपर लावी की समोरचा जवान गडी बाजूला होई. वडील पूर्ण वेळ गप्प होते. घरी परतताना म्हणाले, “माझ्या वर्षीचा माणूस आणि लेकाबरोबर एकाच फडात. काय भाग्य आहे.” पुढे त्यांच्या प्रत्येक पत्रात ‘तुमचे हाऊसाहेब कसे आहेत’ अशी एक ओळ असे. त्या हंगामानंतर हाऊ निवृत्त झाला, तेही मला त्यांना पत्रानेच कळवावे लागले.

रेषा_आणि_रंग

मी हॉकीची जाणकार नाही, पण मुंबईत बोधचिन्हे रेखाटण्याचे काम करते, म्हणून चिन्हाविषयी थोडे लिहिते. ते १९७९ मध्ये कनेटिकटच्याच पीटर गुड या चित्रकाराने केले. खाली हिरवा ‘डब्ल्यू’ आहे, वर निळी शेपटी आहे आणि या दोहोंच्या मध्ये जी मोकळी पांढरी जागा उरते तिचाच ‘एच’ होतो. म्हणजे शहराचे आद्याक्षर रेखाटलेलेच नाही, ते रिकाम्या जागेतून प्रकट होते. पुष्कळांना ते वर्षानुवर्षे दिसत नाही आणि एकदा दिसले की मग दिसायचे थांबत नाही. नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींना मी हे चिन्ह आवर्जून दाखवते. लहान मुले ते सदरे का घालतात, याचे एक उत्तर इतके साधेही असू शकेल: ते चिन्ह विलक्षण देखणे आहे.

माहेर_हार्टफर्ड

सातारकर काका, आपले लिहिणे वाचताना डोळे भरून आले. माझा जन्म १९७६ चा, हार्टफर्डचाच. आमच्या घरी व्हेलर्स माझ्या बाबांनी आणले. सिव्हिक सेंटरच्या इमारतीतच दुकाने होती, त्यामुळे आई खरेदी करी आणि बाबा व मी सामन्याला जात असू. गोल झाला की पितळी वाद्यांची एक धून वाजे, ब्रास बोनान्झा नावाची, आणि सगळे प्रेक्षागृह उभे राहून टाळ्यांचा ठेका धरी. एरवी कधी मोठ्याने न बोलणारे माझे बाबा त्या ठेक्यात सामील होत. घराबाहेर त्यांना मोकळे झालेले मी तिथेच पाहिले.

प्रश्नकर्त्यांनी ज्या एकमेव मालिकेचा उल्लेख केला, ती १९८६ ची. आम्ही क्यूबेक नॉर्डिक्सना सलग तीन सामन्यांत हरवले. पुढे माँट्रिऑलशी गाठ पडली. ती मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली, सातवा सामना जादा वेळेत गेला आणि माँट्रिऑलच्या क्लोड लेम्यूच्या गोलने आमचे सगळे संपले. त्या वर्षी चषकही माँट्रिऑलनेच जिंकला, म्हणजे विजेत्यांना आम्ही शेवटच्या क्षणापर्यंत झुंजवले होते. हरलेल्या संघाची हार्टफर्डने मिरवणूक काढली. मी दहा वर्षांची होते, बाबांच्या खांद्यावर बसण्याइतकी लहान राहिले नव्हते, तरी त्यांनी मला उचलून घेतले. दुसऱ्या शहरांतल्या लोकांना ती मिरवणूक विचित्र वाटली असेल. मला आजही ती अगदी योग्य वाटते, कारण संघाने आम्हाला जे दिले होते त्याचे आभार मानायला आम्ही चषकाची वाट पाहत बसलो नाही.

रॉन फ्रान्सिसबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९८१ मध्ये निवडलेला हा शांत खेळाडू दहा हंगाम आमच्याकडे होता आणि व्हेलर्ससाठी सर्वाधिक गुण त्याच्याच नावावर आहेत. ४ मार्च १९९१ रोजी त्याला उल्फ सॅम्युएल्सनसह पिट्सबर्गला देऊन टाकले आणि त्याच वर्षी व पुढच्याही वर्षी पिट्सबर्गने चषक जिंकला. माझ्या वर्गातली मुले त्या दिवशी डबा न खाता बसली होती. संघ गेला तो १९९७ मध्ये, हे खरे, पण बाबांच्या मते तो जायला सुरुवात त्या दिवशी झाली, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. त्यानंतर खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. १९९६ मध्ये हंगामी तिकिटे विकत घेऊन संघ वाचवण्याची मोहीम निघाली, तेव्हा बाबांनी आम्ही तिघेच असताना चार तिकिटे घेतली होती. नव्या स्टेडियमवरून मालक आणि राज्य सरकार यांच्यात बोलणी चालली होती, ती फिसकटली आणि २६ मार्च १९९७ रोजी संघ जाणार हे जाहीर झाले.

शेवटचा सामना १३ एप्रिलचा, रविवारचा. टॅम्पा बे विरुद्ध २-१ असा आम्ही जिंकलो आणि व्हेलर्सचा शेवटचा गोल कर्णधार केव्हिन डिनीनने केला. तो अनेक वर्षे आमच्याकडे खेळून, मध्ये दुसरीकडे जाऊन परत आलेला होता, तेव्हा तो गोल त्याच्याच हातून व्हावा हे सगळ्यांनाच हवे होते. सामना संपल्यावर कोणीही जागचे हलले नाही. त्या चौथ्या तिकिटाच्या रिकाम्या खुर्चीवर बाबांनी आपला कोट ठेवला होता. तो उचलायला त्यांना फार वेळ लागला.

राली_निवासी

मी गेली वीस वर्षे नॉर्थ कॅरोलायनातल्या राली शहरात राहतो आणि हरिकेन्सचा निष्ठावंत प्रेक्षक आहे. आपला जो संघ गेला तोच हरिकेन्स या नव्या नावाने आमच्याकडे आला, त्यामुळे इथे लिहावे की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. सुरुवातीला तो इथेही उपराच होता. राली येथील स्टेडियम १९९९ मध्ये तयार होईपर्यंत दोन हंगाम त्याला ग्रीन्सबरोला खेळावे लागले. १९९८ मध्ये रॉन फ्रान्सिस परत आला, २००२ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली आम्ही अंतिम फेरी गाठली आणि २००६ मध्ये चषक जिंकला. त्या विजेत्या संघात ग्लेन वेस्ली होता, जो व्हेलर्सकडूनही खेळलेला होता.

२३ डिसेंबर २०१८ रोजी आमचा संघ बोस्टनविरुद्ध हिरवे व्हेलर्सचे सदरे घालून खेळला आणि ती धूनही वाजली. मी माझ्या मुलाला घेऊन गेलो होतो. आम्हाला तो आदर वाटला. माहेर_हार्टफर्ड ताई, आपल्याकडच्या लोकांना ते कसे वाटले, हे मनापासून विचारतो.

माहेर_हार्टफर्ड

दादा, आपण विचारलेत याचेच समाधान वाटले. आमच्या घरातच दोन मते होती. बाबा दूरदर्शनसमोर बसून धून ऐकत राहिले आणि आनंदले. मी मात्र उठून दुसऱ्या खोलीत गेले. आपल्या आजीची पैठणी दुसऱ्या घरच्या लग्नात कोणीतरी नेसलेली पाहावी, तसे मला झाले. नेसणारीचा काही दोष नसतो, ती तिला शोभतही असते, तरी आपल्याला तिथे उभे राहवत नाही. आपल्या मुलाने मात्र तो सदरा अवश्य घालावा.

नवा_हार्टफर्डकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी पुन्हा बर्फ पडला, तेव्हा मीही फावडे घेऊन बाहेर गेलो आणि शेजाऱ्यांना एवढेच विचारले की आपण ‘९१ क्लब’मध्ये होता का. ते काम थांबवून माझ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी मला घरात बोलावले. दोन हंगाम ते आपल्या धाकट्या भावाबरोबर त्या रस्त्याने जात असत. तो भाऊ आता हयात नाही. हिरवी टोपी त्याची आहे. रात्री साडेनऊपर्यंत ते बोलत होते आणि गॉर्डी हाऊच्या कोपराची नक्कल त्यांनी मला दोनदा करून दाखवली. सातारकर काका, आपल्या वडिलांचे वाक्य मी त्यांना इंग्रजीत सांगितले. आपल्याला भेटण्याची त्यांची इच्छा आहे.

सातारकर_१९७४

अवश्य भेटू. त्या जुन्या इमारतीत १९९७ पासून वुल्फ पॅक हा खालच्या लीगचा संघ खेळतो. जानेवारी २००६ मध्ये फ्रान्सिस, डिनीन आणि सॅम्युएल्सन यांचे १०, ११ व ५ हे क्रमांक तिथेच समारंभपूर्वक निवृत्त केले, तेव्हा मी गेलो होतो. पुढच्या शनिवारी सामना असेल तर तिघांची तिकिटे मी काढतो. गाडी आपण आणावी, मला आता रात्रीचे चालवता येत नाही. घोंगडी मी घेऊन येईन.