विषय: मृदंगम, हिवाळा आणि झूमवरची शिकवणी

प्रेषक: सभासद, मिसिसागा (टोरांटोजवळ, कॅनडा)

नमस्कार मंडळी,
हीटर सुरू झाल्यापासून मुलाच्या मृदंगमच्या (कर्नाटक संगीतातलं दोन तोंडांचं तालवाद्य) उजव्या तोंडाचा सूर चढतोय, शाईच्या (कातड्यावरच्या काळ्या गोल थराच्या) कडेला बारीक भेगा दिसतायत. घरी काय करता येईल? आणि डाव्या तोंडाच्या कातड्यावर रव्याचा गोळा नेमका कसा लावायचा? सर झूमवर शिकवतात, त्यामुळे हात लावून दाखवणारं कोणी नाही.

प्रेषक: सभासद, स्कारबरो

ताई,
आधी वाद्य हीटरच्या झोतातून हलवा. कोरड्या हवेत कातडं आकसतं, म्हणून सूर चढतो. शाई तेवढी आकसत नाही, ती कडेने सुटू लागते. ह्युमिडिफायर लावून खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राखा. शाईवर ओलं फडकं अजिबात नको. तिच्यात भाताची खळ असते.

सूर उतरवायला गजऱ्यावर (तोंडाच्या कडेच्या कातडी वेणीवर) खालून वर हलके ठोके, चढवायला वरून खाली. एकाच जागी ठोकत बसू नका, समोरासमोरची घरं (कातडी पट्ट्यांमधल्या जागा) घेत फिरा. नटबोल्टचं वाद्य असेल तर प्रत्येक बोल्ट पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

रवा बारीक घ्या. थेंबथेंब पाणी घालत मळा आणि पाच मिनिटं मुरू द्या. डावं कातडं ओलसर करून गोळा मधोमध दाबा, कडेला पातळ करत न्या. पखवाजाला कणीक लावतात, तसंच. सैल झाला तर वाजवताना सरकतो, घट्ट झाला तर तडकून पडतो. उजव्या षड्जाच्या खालच्या सप्तकातला षड्ज मिळेपर्यंत थोडाथोडा वाढवा. वाजवून झाल्यावर लगेच काढा. वाळलेला रवा खरवडताना कातडं फाटतं.

शाई पूर्ण सुटली तर इथे कारागीर मिळणं कठीण. उजवी तयार पुडी (शाईसकट मढवलेलं कातडं) चेन्नईहून मागवून ठेवलेली बरी. बोल्टच्या मृदंगमवर ती सरांच्या देखरेखीखाली घरी बदलता येते.

झूमवर सरांबरोबर ताल धरू नका, आवाज उशिरा पोचतो. सरांचं आधी नुसतं ऐकायचं. मग मुलाने आदितालाच्या आठ मात्रा स्वतःच्या हाताने धरून बोल म्हणायचे आणि त्यानंतरच वाजवायचं. झूममधलं ‘ओरिजिनल साउंड’ हे सेटिंग चालू असू द्या. नाहीतर ‘नम्’ या बोलाची आस (मागे रेंगाळणारा नाद) गोंगाट समजून कापली जाते, आणि बोट चुकीच्या जागी पडलं तरी सरांना कळत नाही.

जमेल तेव्हा समोर बसूनही शिकू द्या. मृदंगमवादक त्रिची शंकरन यांनी १९७१ पासून इथल्या यॉर्क विद्यापीठात मृदंगम शिकवलं, त्यामुळे टोरांटोत जाणकार शोधायला फार वणवण करावी लागणार नाही.